स्टीफनचा नकाशा

ऑनसाइटला येऊन मला तीन महिने झाले. या तीन महिन्यांत मी केंटकी राज्यात काय काय पाहिलं? तर क्लायंटचं ऑफिस, वॉलमार्ट, आणि एक देशी वाणसामानाचं दुकान, जिथे मॅगीच्या पाकिटावरच्या किमतीला मनातल्या मनात रुपयांनी गुणून मी दर शनिवारी स्वतःचा मूड घालवतो. तेव्हा लाँग वीकेंडच्या आदल्या रात्री रूममेट म्हणाला, "अरे, जगातली सगळ्यात लांब गुहा इथून दीड तासावर आहे, आणि आपण परत 'अशी ही बनवाबनवी' लावून बसलोय!" मुद्दा बिनतोड होता. सकाळी लुईव्हिलहून निघालो, दक्षिणेला नव्वद मैल, मॅमथ केव्ह नॅशनल पार्क.

गुहा म्हटलं की आपल्या मराठी डोळ्यांसमोर अजिंठा-वेरूळ येतं. पण ती लेणी. माणसांनी छिन्नी-हातोड्याने पिढ्यान् पिढ्या खपून काळ्या कातळात कोरलेली. आपला सह्याद्रीचा कातळ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे आपल्याकडे गुहा हवी असेल तर स्वतः खोदावी लागते. चुनखडीचं तसं नाही. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, खडकाच्या भेगांतून मुरतं आणि चुनखडी हळूहळू विरघळवत नेतं. मॅमथ केव्हची चुनखडी ३० कोटी वर्षांहून जुनी, एका उथळ समुद्राच्या तळाशी साचलेली. वर वाळूच्या खडकाचं छप्पर आहे. पावसाळ्यात आपण गच्चीवर ताडपत्री टाकतो ना, तसं. त्यामुळे वरच्या मजल्यांवरच्या वाटा कोरड्या ठणठणीत राहिल्या. म्हणूनच फोटोंत असतात तसे लोंबणारे लवणस्तंभ या भागात फारसे दिसत नाहीत. (रूममेटची पहिली तक्रार: "हा तर नुसता बोगदा आहे रे!") पण याच कोरडेपणामुळे आत दोनशे वर्षांपूर्वीचं लाकूडसुद्धा जसंच्या तसं टिकलंय.

आत तापमान बारा-तेरा अंश, बारा महिने. एकट्याने भटकायला परवानगी नाही असा भाग खूप, त्यामुळे तिकीट काढून रेंजरबरोबर जायचं. आम्ही दिवसभरात दोन टूर घेतल्या. पहिलीत पायऱ्या उतरून एका प्रचंड दालनात पोचलो आणि रेंजरने पहिली गोष्ट दाखवली ती म्हणजे लाकडी हौद आणि पोकळ ओंडक्यांचे पाइप. १८१२ च्या युद्धात अमेरिकेला बंदुकीच्या दारूसाठी सोरा हवा होता. गुहेतल्या मातीत नायट्रेट आहे. ती माती या हौदांत टाकायची, पाणी सोडायचं, खारवलेलं पाणी बाहेर काढून लाकडाच्या राखेबरोबर उकळायचं, की सोरा तयार. हे काम करायला सत्तरच्या आसपास गुलाम होते. युद्ध संपलं, सोऱ्याचा भाव पडला, आणि १८१६ पासून मालकांनी गुहा दाखवायचा धंदा सुरू केला. म्हणजे आम्ही ज्या टूरवर होतो ती दोनशे वर्षं चालू आहे!

मग रेंजरने सगळे दिवे बंद केले. असा अंधार मी पाहिला नव्हता. पुण्यात लोडशेडिंग असायचं तेव्हाही शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा तरी इन्व्हर्टर असायचाच. इथे हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसेना. मग रेंजरने एकच छोटा दिवा लावला आणि म्हणाला, एवढ्या उजेडात स्टीफन बिशप काम करायचा.

स्टीफन बिशप १८३८ मध्ये इथे आला तेव्हा जेमतेम सतराचा होता. 'आला' हे आपलं म्हणायचं. आणला गेला. ग्लासगो नावाच्या इथल्याच एका गावातला वकील फ्रँकलिन गोरिन याने गुहा विकत घेतली आणि आपल्या या गुलामाला गाइड म्हणून कामाला लावलं. काम साधं होतं: ठरलेली वाट, ठरलेली माहिती, पाहुण्यांना सुखरूप बाहेर काढायचं. ठरलेली वाट एका खड्ड्यापाशी संपायची. त्याचं नाव 'बॉटमलेस पिट', म्हणजे तळ नसलेला खड्डा. (तळ आहे, साधारण १०५ फुटांवर. पण दिव्याचा उजेड तिथवर पोचत नसे.) त्याच वर्षी एका पाहुण्याला बरोबर घेऊन स्टीफनने त्या खड्ड्यावर आडवी शिडी टाकली आणि हातात दिवा घेऊन पलीकडे गेला. आज तिथे लोखंडी पूल आहे, रेलिंग आहे, आणि तरीही मी खाली बघायचं टाळलं.

पलीकडे अख्खी नवी गुहा होती. एक नदी, जिला ग्रीक पुराणातल्या मृतांच्या नदीचं, स्टिक्सचं नाव मिळालं (आपली वैतरणीच की!). त्या पाण्यात डोळे नसलेले मासे. गोल फिरत गेलेल्या वाटा. आणि एक अशी चिंचोळी फट जिचं नावच 'फॅट मॅन्स मिझरी', म्हणजे जाड्याची फजिती. तिथे माझ्या तीन महिन्यांच्या पिझ्झाने मला आठवण करून दिली. असो.

दुपारच्या टूरला गॉथिक ॲव्हेन्यू नावाचा भाग पाहिला. तिथलं छत नावांनी भरलंय. मेणबत्ती काठीला बांधून काजळीने लिहिलेली एकोणिसाव्या शतकातल्या पाहुण्यांची नावं. आपल्याकडे रायगड-सिंहगडावर 'बंड्या लव्हज पिंकी' वाचून आपण कपाळावर हात मारतो, पण दीडशे वर्षं जुनं झालं की तेच इतिहास होतं! अजिंठ्यात नाही का, १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात चक्क चित्रावर आपलं नाव खरडून ठेवलंय. इथे मात्र या नावांची एक वेगळी गोष्ट आहे. गुलाम स्टीफनला शाळेत कोण घालणार? पाहुणे आपली नावं छतावर लिहवून घेत, आणि ती नावं बघत बघत तो लिहा-वाचायला शिकला, असं सांगतात. म्हणजे हे छत ही त्याची पाटी.

१८३९ मध्ये लुईव्हिलच्या डॉ. जॉन क्रोगन यांनी गुहा विकत घेतली, दहा हजार डॉलरना. त्या व्यवहारात स्टीफनही होता. जमीन, हॉटेल, गुहा, गाइड. सगळं एका खरेदीखतात.

डॉक्टरांना दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे क्षयावर उपाय. गुहेतली स्थिर हवा फुप्फुसांना बरी, असं त्यांना वाटायचं. म्हणून १८४२ च्या हिवाळ्यात त्यांनी गुहेत झोपड्या बांधून रुग्ण ठेवले. त्यांना जेवणखाण पोचवायला अर्थात गुलामच. दिव्यांचा आणि चुलींचा धूर जायला जागा नाही, ऊन नाही. काही रुग्ण आतच दगावले आणि पुढच्या वर्षी प्रयोग गुंडाळावा लागला. त्यातल्या दोन दगडी झोपड्या अजून उभ्या आहेत. स्वतः डॉक्टर १८४९ मध्ये क्षयानेच गेले.

दुसरी गोष्ट म्हणजे नकाशा. आणि इथे मी कान टवकारले.

कारण मी सध्या इथे ज्या कामाला आलोय, त्याला आमच्या धंद्यात केटी म्हणतात. नॉलेज ट्रान्सफर. क्लायंटकडे एक सिस्टिम आहे, ती सांभाळणारे एक काका बारा वर्षं तिथे आहेत आणि आता निवृत्त होतायत. कुठला बटण दाबल्यावर कुठला जॉब कोसळतो हे फक्त त्यांच्या डोक्यात. मी रोज त्यांच्या शेजारी बसतो, ते बोलतात, मी वर्डमध्ये उतरवतो.

तर १८४२ च्याच हिवाळ्यात डॉक्टरांनी स्टीफनला लुईव्हिलजवळच्या लोकस्ट ग्रोव्ह या त्यांच्या घराण्याच्या घरी नेलं आणि बसवलं. त्याच्याकडे कंपास नाही, मोजणीची पट्टी नाही, समोर गुहासुद्धा नाही. दोनेक आठवड्यांत त्याने मैलोन् मैल अंधाऱ्या वाटा आठवून कागदावर उतरवल्या. कुठली वाट कुठल्या वाटेखालून जाते, नदी कुठे वळते, सगळं. अलेक्झांडर बुलिट यांच्या गुहेवरच्या पुस्तकाबरोबर १८४५ मध्ये हा नकाशा छापून आला आणि पुढची चाळीसेक वर्षं लोक तोच वापरत होते.

मला वाटलं होतं की नकाशावर डॉक्टरांचं नाव असेल. नाहीये! नकाशावर स्टीफन बिशपचंच नाव छापलंय, 'गाइडांपैकी एक' असं म्हणून. रूममेट म्हणाला, "बघ, क्रेडिट दिलं ना!" मीही क्षणभर खूश झालो. मग रेंजरने पुढचं सांगितलं. नकाशा छापून आल्यावरही तो गुलामच होता. क्रोगन यांच्या मृत्युपत्रात लिहिलं होतं की आपल्या गुलामांना सोडावं, पण आपल्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. म्हणजे १८५६. नकाशाला नाव मिळून अकरा वर्षं झाल्यावर. गुहेत येणारे पाहुणे स्टीफनबद्दल लेखांत, पुस्तकांत लिहीत होते, त्याच्या हुशारीचं कौतुक करत होते. तो मात्र पैसे साठवून बायकामुलासकट लायबेरियाला जायचं म्हणत होता. १८५७ मध्ये, सुटका झाल्यावर वर्षभरातच, तो वारला. चाळिशीही गाठली नव्हती.

त्याच्याबरोबरचा मॅट ब्रॅन्सफर्ड हा नॅशव्हिलच्या मालकाकडून भाड्याने आणलेला गुलाम गाइड. त्याची बायको दुसऱ्या मालकाची, त्यामुळे मुलंही त्या मालकाची; त्यातली तीन विकली गेली. मॅट स्वतंत्र झाल्यावरही इथेच गाइड राहिला. त्याच्या पुढच्या पिढ्याही राहिल्या. मग १९४१ मध्ये नॅशनल पार्क झालं, आणि त्या बदलात या कृष्णवर्णीय गाइड घराण्यांची कामं गेली. २००४ मध्ये मॅटचे खापरपणतू जेरी ब्रॅन्सफर्ड रेंजरचा गणवेश घालून पुन्हा गाइड म्हणून उभे राहिले, तेव्हा मध्ये साठेक वर्षं गेली होती.

नकाशाची गोष्ट मात्र थांबली नाही. पुढचा भाग आपल्या धंद्यातल्या लोकांसाठी! शेजारच्या फ्लिंट रिजखालची गुहा आणि मॅमथ केव्ह आतून जोडलेल्या असाव्यात असा संशोधकांना संशय होता. १९७२ च्या मोहिमांत पॅट्रिशिया क्राउथर एका भयंकर चिंचोळ्या फटीतून आरपार गेली आणि पुढे त्यांना चिखलात कोरलेलं एक नाव दिसलं: 'पीट एच', म्हणजे पीट हॅन्सन. हा मॅमथ केव्हच्या बाजूने पूर्वी येऊन गेलेला माणूस. म्हणजे वाट तिथे पोचत होती. ९ सप्टेंबर १९७२ ला ते लोक पाण्यातून चालत पर्यटकांच्या रेलिंगपाशी निघाले. दोन्ही मिळून १४४ मैल! आज मोजलेली लांबी ४२० मैलांच्या वर गेलीय.

पॅट्रिशियाचा तेव्हाचा नवरा विल क्राउथर प्रोग्रॅमर होता, अर्पानेटवर काम केलेला. गुहेच्या मोजण्या कॉम्प्युटरमध्ये भरून नकाशे काढायचं कामही त्याने केलं. घटस्फोटानंतर, १९७५-७६ च्या सुमारास, आपल्या मुलींना खेळता यावा म्हणून त्याने फोरट्रानमध्ये एक गेम लिहिला. त्यात चित्रं नाहीत, नुसती वाक्यं: तुम्ही इथे आहात, वाट तिकडे जाते, काय करता? तो गेम म्हणजे 'ॲडव्हेंचर', आणि त्यातली गुहा याच गुहेच्या बेडक्विल्ट भागावर बेतलेली. पुढे डॉन वुड्सने १९७७ मध्ये तो वाढवला आणि त्यातून खेळांचा एक अख्खा प्रकारच जन्माला आला. डोक्यातली गुहा कागदावर उतरवणारा स्टीफन आणि कोडमध्ये उतरवणारा क्राउथर, मध्ये सव्वाशे-दीडशे वर्षं. फरक एकच, आणि तो फारच मोठा. क्राउथरने ते आपल्या मुलींसाठी केलं. मॅटची मुलं विकली गेली.

बाहेर आलो तेव्हा साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या मॅटवरून चालायला लावलं. वटवाघळांमध्ये एक बुरशीजन्य रोग पसरलाय, तो आपल्या बुटांबरोबर दुसऱ्या गुहेत जाऊ नये म्हणून. मग रेंजरने सांगितलेली पायवाट धरून जुन्या गाइडांच्या दफनभूमीत गेलो. छोटीशीच आहे, झाडांमध्ये. क्षयाचे काही रुग्णही तिथेच पुरलेत. स्टीफनच्या थडग्यावर कितीतरी वर्षं दगडच नव्हता. १८८१ मध्ये एका श्रीमंत पाहुण्याने पाठवला, तोही यादवी युद्धातल्या कुणा सैनिकासाठी बनवलेला आणि न नेलेला, पुसून पुन्हा कोरलेला. आणि त्यावर मृत्यूचं वर्ष आहे १८५९. चुकीचं. दोन वर्षांनी चुकीचं!

रूममेट म्हणाला, "ज्याने नुसत्या आठवणीवर अख्खी गुहा बरोबर काढली, त्याचीच तारीख चुकवली यांनी." मग परतीच्या वाटेवर आम्ही दोघंही फारसं बोललो नाही. नव्वद मैल.

माझी आणि स्टीफनची तुलना करायचा वेडेपणा मी करणार नाही. मला पगार मिळतो, ओव्हरटाइमबद्दल कुरकुर करता येते, आणि फारच झालं तर राजीनामा देऊन घरी जाता येतं. आमच्या काकांनाही निरोपाचा केक आणि पेन्शन मिळणार आहे. पण मंगळवारी ऑफिसात गेल्यावर मी ते केटीचं डॉक्युमेंट उघडलं. लेखक म्हणून वर माझं नाव होतं. फाइल माझ्या लॅपटॉपवर बनली म्हणून आपोआप आलेलं. ते काढून मी काकांचं नाव टाकलं आणि त्यांना दाखवलं. ते चष्मा वर करून हसले आणि म्हणाले की स्पेलिंगमध्ये एक 'एल' कमी आहे.

लगेच दुरुस्त केलं.