मंद हेडलाइटचा दोष वायरिंगचा

स्वारगेटहून सातारा रस्त्याने निघालेली गाडी रात्री कात्रजचा जुना घाट चढू लागली की चालकाची सारी भिस्त हेडलाइटवर असते. या रस्त्याला सरावलेली मॅटाडोर व्हॅन तर पुण्याचीच. नवलमल फिरोदिया यांनी 1958 मध्ये जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू केली आणि पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून मॅटाडोर रस्त्यावर आली. 2005 मध्ये ही कंपनी फोर्स मोटर्स झाली. अशा जुन्या व्हॅनचे दिवे मंद झाले की लोक बल्बला दोष देतात. हेडलाइटचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. बल्ब पिढीगणिक सुधारला, पण त्याच्यापर्यंत वीज पोहोचवणारी वायरिंग जुनीच राहिली.

अमेरिकेत 1940 पासून सीलबंद दिवा रूढ झाला. त्यात काच, रिफ्लेक्टर आणि फिलामेंट एकसंध असत. दिवा गेला की सगळा बदलायचा, त्यामुळे रिफ्लेक्टरही नवा मिळे. 1971 मध्ये युरोपात दोन फिलामेंटचा एच-4 हॅलोजन आला, अप्परला 60 आणि डिपरला 55 वॅटचा. आता सुटा बल्ब बदलता येऊ लागला, पण रिफ्लेक्टर वर्षानुवर्षे तोच राहिला आणि पावसाळ्याच्या ओलीने त्याची चकाकी जाऊ लागली. जुन्या वायरिंगमध्ये तर दिव्याचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो. दोन्ही अप्पर मिळून 120 वॅट, म्हणजे 12 व्होल्टला 10 अँपिअर. गंजलेले कनेक्टर, झिजलेला स्विच आणि कच्ची अर्थ यांचा रोध मिळून 0.2 ओहम झाला, तरी जवळपास 2 व्होल्ट वाटेतच जिरतात. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटतो. 12 ऐवजी 10 व्होल्ट मिळाले, तर तो निम्म्याच्या आसपास येतो.

यावर कुणी म्हणेल, मग जास्त वॅटचा बल्ब का लावू नये? कारण करंट वाढला की त्याच वायरिंगमधला तोटाही वाढतो, स्विच तापतो आणि होल्डर वितळतो. एलईडीचे काय? हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये उजेडाची जागा जराशी जरी हलली, तरी झोत विस्कटतो आणि समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात. गाडीच भंगारात काढावी, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. जी गाडी फिटनेस तपासणीत बसत नाही, तिच्यासाठी तो योग्यही आहे. पण जी रस्त्यावर धावते, तिला नीट दिसलेच पाहिजे, आणि त्या तपासणीत हेडलाइटही पाहिला जातो.

म्हणून खरी दुरुस्ती मोजमापातून सुरू होते. इंजिन आणि दिवे चालू ठेवून बल्बच्या पिनांवरचे व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे आणि बॅटरीवरच्या आकड्याशी ताडून पाहावे. फरक मोठा असेल तर बॅटरीपासून फ्यूज लावलेली जाड वायर काढावी, अप्पर आणि डिपर यांना स्वतंत्र रिले द्यावेत, अर्थ साफ करून पक्की करावी. मग स्विच फक्त रिलेला इशारा देतो आणि बल्बला त्याच्या हक्काची वीज मिळते. आकडे जुळूनही उजेड कमी वाटला, तर रिफ्लेक्टर बदलावा. जुनी व्हॅन चालवणाऱ्या प्रत्येकाने नवा बल्ब विकत घेण्यापूर्वी ही एक मोजणी करून घ्यावी.