आधी उतरायला शीक

पार्कूर हा शब्द तुम्ही ऐकला नसेल, पण प्रकार नक्की पाहिला असेल. २००६ साली आलेल्या 'कसिनो रोयाल' या बॉण्डपटात सुरुवातीलाच एक लांबलचक पाठलाग आहे. पुढचा माणूस भिंतीवर चढतो काय, क्रेनवरून उडी मारतो काय, आणि बिचारा बॉण्ड त्याच्यामागे धापा टाकत धावतोय! तो पुढे पळणारा माणूस म्हणजे सेबास्तियान फुकाँ. पार्कूर ज्या पोरांनी घडवलं त्यांच्यापैकीच एक. भिंत, जिना, कठडा, गच्ची जे काही वाटेत येईल ते ओलांडून, दोर-शिडी काही न वापरता, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी शक्य तितक्या लवकर आणि सुखरूप पोचायचं, अशी त्याची साधी व्याख्या करता येईल. "सुखरूप" हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय. पुढे सगळं त्याच्याभोवतीच आहे.

मी या विषयात पडले त्याला कारण आमचे भाचेबुवा. वय वर्षं सोळा, वजन पंचावन्न किलो, आणि सध्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवरून उलटी कोलांटी मारायची म्हणून हटून बसलेत. शिवाय पावडरचा एक मोठा डबाही हवाय, "त्याशिवाय मसल रिकव्हर होत नाही" म्हणे. ताई म्हणते हातपाय मोडून घेईल, बंदच करून टाकते. भाऊजी म्हणतात वयच आहे ते. आणि मग दोघांनी मिळून "तूच वाचून सांग काय ते" म्हणून माझ्यावर सोपवलं. (ताई, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे, शेवटपर्यंत वाच.) मी आपली सवयीप्रमाणे इतिहासापासून सुरुवात केली.

आणि हा इतिहास कुठे सुरू होतो? तर एका ज्वालामुखीपाशी. कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक या फ्रेंच बेटावर ८ मे १९०२ रोजी माँ पेले हा ज्वालामुखी फुटला. पायथ्याचं सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत जळून गेलं, सुमारे अठ्ठावीस हजार माणसं गेली. जॉर्ज एबेर नावाचा सत्तावीस वर्षांचा फ्रेंच नौदल अधिकारी तेव्हा तिथे होता. सुमारे सातशे लोकांच्या सुटकेच्या कामात त्याचा वाटा होता असं सांगतात. त्या अनुभवातून त्याच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. नुसतं शरीर कमावून भागत नाही, त्याच्या जोडीला धैर्य हवं आणि दुसऱ्यासाठी धावून जायची वृत्ती हवी. त्याचं ब्रीदवाक्यच झालं: बलवान व्हा, उपयोगी पडण्यासाठी.

एबेरने पुढे नौदलातल्या शिपायांसाठी व्यायामाची एक पद्धत बसवली. तिला तो 'नैसर्गिक पद्धत' म्हणे. त्यात दहा गोष्टी होत्या: चालणं, धावणं, उडी मारणं, हातापायांवर रांगत चालणं, चढणं, तोल सांभाळणं, फेकणं, उचलणं, स्वसंरक्षण आणि पोहणं. बस्स. आरशासमोर दंड फुगवणं त्यात नाही. हे सगळं एका अडथळ्यांच्या वाटेवर एकापाठोपाठ करायचं. त्या वाटेला फ्रेंचमध्ये 'पार्कूर' म्हणतात. सैन्यातल्या अडथळा शर्यतीचं मूळ तिथे आहे. १९१३ साली रँस शहरात त्याने खेळाडूंसाठी मोठं प्रशिक्षण केंद्र सुरू केलं, आणि वर्षभरात पहिलं महायुद्ध आलं. त्यात ते केंद्र उद्ध्वस्त झालं, त्याचे कितीतरी शिक्षक रणांगणावर गेले. पण पद्धत मात्र फ्रेंच सैन्यात टिकून राहिली.

गोष्टीचा दुसरा भाग व्हिएतनाममध्ये. रेमों बेल हा १९३९ साली ह्वे इथे जन्मलेला मुलगा. फ्रेंचांविरुद्धच्या युद्धाच्या धामधुमीत तो घरच्यांपासून तुटला आणि दालात इथल्या लष्करी अनाथ शाळेत वाढला. तिथे दांडगाई चाले. रात्री सगळे झोपले की हा एकटा उठून धावायचा, चढायचा, अडथळ्यांच्या वाटेवर पुन्हा पुन्हा सराव करायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. त्याच्या दृष्टीने तो व्यायाम नव्हताच, कुणाच्या हाती सापडायचं नाही एवढाच हेतू. १९५४ मध्ये फ्रेंच हरले, हा फ्रान्सला आला, आणि पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलात शिरला.

या दलात एक जुनी प्रथा आहे, ती मला फार आवडली. जमिनीपासून २ मीटर ४० सेंटिमीटर उंचीवर एक फळी असते. पूर्ण गणवेशात खाली उभं राहायचं, उडी मारून ती पकडायची आणि नुसत्या हातांच्या जोरावर स्वतःला वर ओढून फळीवर चढायचं. आगीत पायाखालची जमीन खचली तर स्वतःला वर खेचून घेता आलं पाहिजे, हा त्यामागचा हिशोब. आज तुमची तब्येत कामाला लायक आहे का, ते ती फळी सांगते.

रेमोंचा मुलगा दाविद, जन्म १९७३. पॅरिसजवळच्या लीस या उपनगरात तो आणि त्याचे मित्र वडिलांकडून ऐकलेल्या गोष्टींवरून भिंती चढू लागले. बरीचशी पोरं स्थलांतरितांच्या घरांतली, कुणाची मुळं आफ्रिकेत, कुणाची व्हिएतनाममध्ये, कुणाची पॅसिफिकमधल्या बेटांवर. जवळच तलावाकाठी 'दाम द्यु लाक' नावाचं चढण्यासाठीच बांधलेलं एक काँक्रीटचं शिल्प होतं, ते यांचं आखाड्याचं ठिकाण. १९९७ मध्ये त्यांनी गटाला नाव दिलं 'यामाकासी'. काँगोकडच्या लिंगाला भाषेतला हा शब्द, अर्थ साधारण 'दणकट शरीर, दणकट मन'. थोड्याच दिवसांत वाटा वेगळ्या झाल्या. दाविदने १९९८ च्या सुमारास 'पार्कूर'चं स्पेलिंग थोडं बदलून ते नाव घेतलं, इतरांनी 'हालचालीची कला' म्हटलं, आणि २००३ च्या 'जंप लंडन' या माहितीपटापासून फुकाँचं 'फ्रीरनिंग' रुळलं. कोलांट्या, गिरक्या, हवेतले पलटे यांना फ्रीरनिंगमध्ये मोकळीक. पार्कूरमध्ये मुळात त्यांना जागा नव्हती, कारण कोलांटी मारून कुणी लवकर पोचत नाही! आमच्या भाचेबुवांना जे हवंय ते म्हणजे हे दुसरं.

आता मुद्द्याचं. ही पोरं शिकली कशी? व्हिडिओत आपल्याला एक उडी दिसते, पण तिच्याआधीची वर्षं दिसत नाहीत. तासन्‌तास हातापायांवर रांगणं, तेही जिन्यावरून उलटं. तीच छोटी उडी शेकडो वेळा. फुटपाथच्या काठावर उडी मारून दोन्ही चवड्यांवर थांबायचं, तोल जाता कामा नये. जमिनीवर पक्कं झालं की मगच उंची वाढवायची. आणि सगळ्यांत आधी शिकवतात ते उडी मारणं नव्हे, उतरणं. चवड्यांवर उतरायचं, गुडघे वाकवायचे, आवाज जितका कमी तितकं चांगलं. उंची जास्त असेल तर एका खांद्यावरून तिरकं विरुद्ध कमरेपर्यंत लोळण घ्यायची, पाठीचा कणा सरळ जमिनीवर आपटू द्यायचा नाही.

यामागचं गणित शाळेतलंच आहे. दोन मीटरवरून उडी मारली की जमिनीला पाय लागताना वेग ताशी साधारण बावीस किलोमीटर होतो. पाय ताठ ठेवून दहा सेंटिमीटरमध्ये थांबलात तर शरीरावर सरासरी एकवीसपट वजनाचा दाब येतो. गुडघे-कंबर वाकवून तेच पन्नास सेंटिमीटरमध्ये थांबलात तर पाचपट. उडी तीच, माणूस तोच, फरक फक्त उतरण्याचा. लोळण घेतली की तो धक्का आणखी वेळात पसरतो आणि उरलेला वेग पुढे जाण्यात खर्ची पडतो.

दुसरी गोष्ट धीराची. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडं मात्र सावकाश तयार होतात, महिने लागतात. सोळाव्या वर्षी तर हाडं अजून वाढतच असतात. म्हणजे "मला जमतंय" असं स्नायू सांगू लागतात तेव्हा गुडघा आणि घोटा अजून तयार नसतो. म्हणून एक दिवस जोराचा सराव, मग एक दिवस हलका किंवा सुट्टी. उलटी कोलांटी तर गादीवर, जाणत्या शिक्षकाचा हात पाठीशी असतानाच. डोक्यावर किंवा मानेवर पडण्याचा धोका खरा आहे, तिथे ताईचं शंभर टक्के बरोबर आहे.

आणि खाणं. या प्रकारात आपलंच वजन आपल्याला उचलायचं असतं, त्यामुळे काही मुलं उपाशी राहून हलकी होऊ बघतात. वाढीच्या वयात त्यासारखा वेडेपणा नाही. दमलेला, भुकेला माणूसच पाय चुकवतो. प्रथिनांबद्दल २०१८ साली बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यानुसार रोज दर किलो वजनामागे साधारण १.६ ग्रॅमच्या वर प्रथिनं खाऊन स्नायूंना फारसा जास्त फायदा दिसला नाही. पंचावन्न किलोला झाले ८८ ग्रॅम. आता आपल्या घरचा हिशोब करू. अर्धा लिटर दूध १६, दोन अंडी १२, मूठ-दीड मूठ फुटाणे (५० ग्रॅम) १०, दिवसभरातली डाळ-उसळ (कोरडी ७५ ग्रॅम) १७, वाटीभर दही ६, आणि पोळ्या-भाकऱ्यांच्या तीनशे ग्रॅम पिठातून ३०. बेरीज ९१. डबा आणायची गरज नाही, भाऊजींचे पैसे वाचले :)

सरावाआधी दोन-तीन तास नीट जेवण, अगदी भूक लागली तर अर्धा तास आधी एक केळं. नंतर दूध-केळं किंवा दहीभात. घाम आला की मीठ घातलेलं ताक. आणि आठ-नऊ तास झोप, जी कुठल्याच दुकानात मिळत नाही. जोर-बैठका मारून घरी येणाऱ्या आपल्या आजोबांच्या पिढीचा खुराक याहून फार वेगळा नव्हता.

हे वाचताना मला सारखा मल्लखांब आठवत होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो पुन्हा ऊर्जितावस्थेत आणला. नावच सांगतं, मल्लासाठी खांब. कुस्तीगिराला पकड, लवचिकता आणि दम यावा म्हणून. खांबाला एरंडेल चोळायचं, म्हणजे कातडी सोलवटत नाही. पुढे तो स्वतंत्र खेळ झाला, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. आता स्पर्धा होतात, गुण मिळतात. कुस्तीसाठी मल्लखांब करणारे मात्र थोडे उरले असतील.

पार्कूरचंही तेच होतंय. २०१७ मध्ये ब्रिटनने त्याला अधिकृत खेळ म्हणून मान्यता दिली. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने त्याला आपल्या छत्राखाली घेतलं, २०२२ मध्ये टोकियोत पहिली जागतिक स्पर्धा झाली. पार्कूर करणाऱ्या अनेकांचा याला विरोध होता आणि आहे. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे कुणी हरत-जिंकत नाही. मला दोन्ही बाजू पटतात. स्पर्धा आली की गाद्या येतात, शिक्षक येतात, नियम येतात, आणि पोरं सोसायटीच्या भिंतीऐवजी सभागृहात उड्या मारतात. ताईसारख्या आयांना तेवढं पुरे आहे. पण त्याबरोबर "हे कशासाठी?" हा प्रश्न हळूच मागे पडतो. टाळ्यांसाठी मारलेल्या उडीत पुढची उडी नेहमी आधीपेक्षा मोठी लागते. उपयोगासाठी कमावलेल्या बळाला तशी घाई नसते. एबेरने जळालेलं शहर पाहिलं होतं, रेमोंने आगी विझवल्या. अंगातलं बळ कुणासाठी वापरायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

म्हणून माझा निकाल असा. बंद करू नका. सोळाव्या वर्षी अंगात जे उसळत असतं ते बंद केल्याने थांबत नाही, फक्त आपल्या नजरेआड जातं. जवळच्या तालमीत किंवा जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात घाला. पहिले सहा महिने रांगणं, लोंबकळणं, छोट्या उड्या आणि आवाज न करता उतरणं. ते जमलं की कोलांटीचं शिक्षक ठरवतील. आणि मधल्या काळात पहिल्या मजल्यावरच्या आजींचं गॅसचं सिलिंडर वर चढवून द्यायला हरकत नाही. उचलणं ही एबेरच्या दहांतलीच एक आहे!

तुमच्यापैकी कुणी लहानपणी मल्लखांब किंवा तालीम केली असेल, तर तुम्हाला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं ते जरूर सांगा. माझी पैज आहे, खाली कसं यायचं तेच.