रशियातील उष्ण पेये

रशियातील दीर्घ व कडक हिवाळ्यात ऊब मिळविण्यासाठी घेतली जाणारी पारंपरिक पेये. मध व मसाल्यांपासून केलेले स्बीतेन हे जुने देशी पेय आणि सतराव्या शतकात मंगोलियाच्या वाटेने आलेला चहा ही त्यांतील दोन प्रमुख होत. सु. अडीचशे वर्षांत पहिल्याची जागा दुसऱ्याने घेतली. या काळात तेथील थंडी तीच राहिली. बदलले ते व्यापारी मार्ग, जकातीचे दर आणि साखरेचे भाव. म्हणून या पेयांचा इतिहास हा पाककलेपेक्षा अर्थव्यवहाराचा इतिहास अधिक आहे.

स्बीतेन तयार करताना मध पाण्यात उकळून वर येणारा फेस काढून टाकीत आणि मग त्यात सुंठ, लवंग, दालचिनी, मिरी, तमालपत्र यांसारखे मसाले किंवा सेजसारख्या रानवनस्पती घालीत. मध देशातला, मसाले मात्र बाहेरचे. गरिबांच्या पेयात त्यामुळे मसाल्यांपेक्षा रानपाल्याचाच भाग अधिक असे. शहरांतील बाजारांत स्बीतेन विकणारे फेरीवाले तांब्याचे मोठे भांडे जाड कापडात गुंडाळून पाठीवर वा हातात वागवीत. पेले ठेवण्यासाठी त्यांच्या कमरेभोवती लाकडी पट्टा असे. काही भांड्यांच्या पोटातून निखाऱ्यांची नळी गेलेली असल्यामुळे भर बर्फातही पेय कढत राही. या नळीचे महत्त्व पुढे समोवाराच्या संदर्भात दिसून येते.

चहाचा रशियात प्रवेश झाला तो काहीसा अनिच्छेनेच. १६३८ मध्ये झार मिखाईल याचा दूत व्हसीली स्टार्कोव्ह हा पश्चिम मंगोलियातील अल्तीन खान याच्याकडून परतत असता त्यास झारसाठी चार पूड (सु. ६५ किग्रॅ.) चहा भेट म्हणून देण्यात आला. या वाळक्या पानांऐवजी सेबलची मौल्यवान कातडी मिळावी, अशी दूताची इच्छा होती. परंतु यजमानाने ती मानली नाही. दरबारात प्रथम औषध म्हणूनच या पानांची दखल घेण्यात आली.

नियमित व्यापार सुरू होण्यास दोन तह कारणीभूत झाले. १६८९ च्या नेरचिन्स्कच्या तहाने चीनशी सीमेबाबत समझोता झाला आणि १७२७ च्या क्याख्ताच्या तहाने सीमेवरच बाजारपेठ ठरविण्यात आली. रशियाच्या बाजूस क्याख्ता आणि समोर चिन्यांचे मायमाचेन (अर्थ : खरेदी-विक्रीचे गाव) अशी ही जोडपेठ होती. दीर्घकाळ येथील व्यवहार वस्तुविनिमयानेच चाले. सायबीरियातील कातडी देऊन रशियन व्यापारी प्रारंभी रेशीम, सुती कापड व चहा घेत. एकोणिसाव्या शतकात चहाने इतर सर्व मालास मागे टाकले. चामड्यात शिवलेल्या पेट्या उंटांवरून गोबीचे वाळवंट ओलांडून क्याख्तास येत आणि तेथून बर्फगाड्यांनी व नद्यांच्या मार्गाने इर्कूट्स्कवरून निझनी नॉव्हगोरोदच्या जत्रेत पोहोचत. या प्रवासास सहा महिन्यांपासून वर्षाहूनही अधिक काळ लागे. खुष्कीने आलेला चहा समुद्रमार्गे आलेल्या चहापेक्षा सरस, कारण सागरी दमटपणाने पानांचा स्वाद बिघडतो, असे रशियात अभिमानाने सांगत. या समजुतीत तथ्य किती आणि क्याख्ताच्या व्यापाऱ्यांचे हितसंबंध किती, हे वेगळे करणे कठीण आहे.

रशियन व मराठी या दोन्ही भाषांतील नावे (‘चाय’, ‘चहा’) मुळात एकाच चिनी शब्दावरून आलेली आहेत. इंग्रजी ‘टी’ हे नाव मात्र चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील बोलीतून डचांच्या जहाजांबरोबर पश्चिम यूरोपात गेले.

समोवार म्हणजे शब्दशः ‘स्वतः उकळणारा’. त्याची रचना महाराष्ट्रात अंघोळीचे पाणी तापविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तांब्याच्या बंबासारखी असते : मध्ये निखाऱ्यांची उभी नळी, तिच्याभोवती पाणी आणि खाली तोटी. स्बीतेनच्या भांड्यातील नळीशी असलेले त्याचे नाते उघड आहे. उरल भागातील समोवारांचे उल्लेख १७४० पासून मिळतात. १७७८ मध्ये लिसित्सिन बंधूंनी तूला येथे सुरू केलेल्या कामानंतर हे शहर समोवारांचे प्रमुख केंद्र बनले. बंदुकांच्या कारखान्यांमुळे धातुकामात निष्णात कारागीर तेथे आधीच होते. समोवारात चहा करीत नाहीत. केवळ पाणी उकळतात. लहान किटलीत अत्यंत कडक अर्क काढून ती समोवाराच्या माथ्यावर गरम ठेवतात आणि पेल्यात थोडा अर्क घेऊन त्यात उकळते पाणी मिसळतात. महाग पाने पुरवून वापरण्याची ही युक्ती होती. एका किटलीवर सारे कुटुंब दिवसभर चहा पिऊ शके.

साखरेबाबतही हीच काटकसर दिसते. साखर पेल्यात विरघळविण्याची रीत श्रीमंतांची. सामान्य माणूस खडा दातांत धरून त्यावरून चहाचे घोट घेई. खडा टेबलावर ठेवून त्याकडे नुसते पाहत चहा पिण्याची तिसरीही रीत आहे, असे विनोदाने सांगत. व्यापारी व शेतकरी कुटुंबांत बशीत ओतून चहा पिण्याची पद्धत सर्रास होती. ती महाराष्ट्रातील वाचकास परकी वाटू नये.

मूळ भाव आणि वर जबर जकात यांमुळे चहात भेसळीचा सुळसुळाट झाला. सेंट पीटर्झबर्गजवळच्या कोपोर्ये गावावरून ओळखला जाणारा ‘कोपोर्ये चहा’ हा गुलाबी-जांभळ्या फुलांच्या एका रानटी वनस्पतीची पाने आंबवून व वाळवून केलेला असे. ही पाने निरुपद्रवी आहेत; पण ती चिनी चहात मिसळून विकण्यात येत. एकोणिसाव्या शतकात शासनाने या व्यापारावर वारंवार बंदी घातली. वापरलेली पाने गोळा करून, वाळवून पुन्हा विकणारेही होते.

अफूच्या युद्धांनंतर चीनची बंदरे परकीयांस खुली झाली आणि १८६० च्या दशकारंभी रशियाने पश्चिम सीमेवरून चहाच्या आयातीस परवानगी दिली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर ओडेसा बंदरात जहाजाने येणारा चहा उंटावरून येणाऱ्या चहापेक्षा पुष्कळच स्वस्त पडू लागला. सायबीरियातील लोहमार्गाने तांड्यांचा उरलासुरला व्यापारही संपविला व क्याख्ताचे वैभव लयास गेले. याच सुमारास बीटची साखर स्वस्त झाली. मधावर अवलंबून असलेले स्बीतेन त्यापुढे टिकले नाही. शतकाच्या अखेरीस त्याचे फेरीवाले क्वचितच दिसत. चहा आता कामगारवस्तीतही पोहोचला. मद्यपानविरोधी मंडळींनी १८८० नंतर चहागृहांचा पुरस्कार केला. सरकारची स्थिती अवघडलेली होती, कारण व्होडकावरील उत्पन्न हा राज्यकोशाचा मोठा आधार होता. बक्षिसीसाठी ‘चहाला’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग रशियनमध्ये रूढ झाला. पूर्वी त्या जागी ‘व्होडकाला’ असे म्हणत.

व्यापाऱ्यांपैकी मॉस्कोचे पेर्लोव्ह घराणे विशेष प्रसिद्ध होते. १८९६ मध्ये झार दुसरा निकोलस याच्या राज्याभिषेकास चिनी मुत्सद्दी ली हुंग-चांग येणार म्हणून या घराण्यातील एकाने म्यास्नित्स्काया रस्त्यावरील आपल्या चहाच्या दुकानाचा दर्शनी भाग चिनी धाटणीने सजविला. पाहुणा मात्र घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे उतरला. दुकान आजही पाहावयास मिळते.

स्वतःचा चहा पिकविण्याचे प्रयत्न काळ्या समुद्राच्या किनारी झाले. कॉन्स्टंटीन पपॉव्ह याने १८९३ मध्ये चिनी तज्ञ लाव चुन-चौ यास बाटूमीजवळील चाक्वा येथे आणले. सोव्हिएट काळात जॉर्जियातील लागवड फार वाढली. पण पाने यंत्राने सरसकट खुडली जाऊ लागल्याने दर्जा घसरला. ही उणीव भारतीय चहाने भरून काढली. रुपयांत हिशेब होणाऱ्या द्विपक्षीय व्यापारामुळे सोव्हिएट संघ हा भारतीय चहाचा मोठा ग्राहक बनला आणि हत्तीचे चित्र असलेले पाकीट तेथील घराघरांत ओळखीचे झाले. या पाकिटातील मिश्रणात जॉर्जियन चहाही असे. १९९१ मध्ये संघाचे विघटन झाल्यावर ही व्यवस्था मोडली. आसामच्या मळेवाल्यांना तिचा फटका बसला व जॉर्जियातील अनेक मळे ओसाड पडले. त्यानंतरच्या काळात रशियात जुन्या खाद्यपेयांविषयी पुन्हा आस्था निर्माण झाली. हिवाळी जत्रांतून स्बीतेन आता पुन्हा विकले जाते, आणि कोपोर्येचा एकेकाळी बंदी असलेला पाला स्वतःच्या नावाने दुकानांत मिळतो.