ऑक्सफर्ड १३५५ : विद्यार्थी-सुरक्षितता आणि नगराचे शासन

विद्यापीठालगतच्या वस्तीत विद्यार्थी सुरक्षित आहेत काय, हा प्रश्न आधुनिक नव्हे. १० फेब्रुवारी १३५५ रोजी ऑक्सफर्डच्या स्विंडलस्टॉक मद्यगृहात मद्याच्या प्रतीवरून वाद झाला. पहिला हात विद्यार्थ्यांनीच उगारला, हे विसरता कामा नये. तीन दिवसांच्या दंगलीत, परंपरेने सांगितल्यानुसार, ६३ विद्यार्थी आणि सुमारे ३० नगरवासी मारले गेले. तिसऱ्या एडवर्डने विद्यापीठास सनद देऊन बाजारातील पाव, बिअर आणि वजनमापे यांवरील देखरेखही त्याच्याकडे सोपविली. संरक्षणाच्या निमित्ताने विद्यापीठास नगरावर सत्ताच मिळाली, असे म्हणावे लागते. महापौर व नागरिकांनी दरवर्षी सेंट मेरी चर्चमध्ये प्रत्येकी एक पेनी अर्पण करण्याचे प्रायश्चित्त १८२५ पर्यंत चालले. औपचारिक समेटास १९५५ साल उजाडले. तेव्हा विद्यापीठाने महापौरांना मानद पदवी दिली आणि नगराने कुलगुरूंना मानद नागरिकत्व.