लाल नव्हे, काव

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना आधी काळा कातळ दिसतो आणि वर महाबळेश्वरच्या पठारावर तांबडा जांभा. या तांबडेपणाला नेमकं नाव काय, हे मला मागच्या वर्षी कळलं. घाटाखालच्या आमच्या घराच्या पडवीत भिंतीवर कावेचा पट्टा होता, तो जागोजागी उडाला होता. मी फोटो काढला, त्यातून हेक्स कोड उचलला आणि त्याच शेडचा डबा आणला. दुपारी जुळला. रात्री दिव्याखाली जुना पट्टा तपकिरी आणि नवा गुलाबी! आजी म्हणाली, "अरे, तू लाल आणलास. काव कुठाय?"

दोन रंगद्रव्यं एका उजेडात सारखी दिसली तरी दुसऱ्या उजेडात वेगळी पडू शकतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात. आजीला हा शब्द माहीत नव्हता, पण तिचा शब्द जास्त अचूक होता.

कारण आपली जुनी रंगनावं डोळ्याला काय दिसतं ते सांगत नाहीत, वाटीत काय आहे ते सांगतात. काव आणि गेरू म्हणजे लोहाची माती. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. तिन्ही लालच, पण हिंगूळ उजेडाने काळवंडू शकतो, गेरू शतकानुशतकं टिकतो. पिवळी माती भाजली की तिच्यातलं पाणी निघून जातं आणि ती तांबडी होते. कोकण-गोव्यातल्या देवळांवरचं कावी काम याच तांबड्या मातीचं: चुन्यावर तिचा थर द्यायचा आणि तो खरवडून चित्र काढायचं.

हरताळ हे आर्सेनिक आणि गंधकाचं पिवळंजर्द खनिज. पोथीत चूक झाली की त्यावर हरताळ फासायचे; म्हणजे तेव्हाचं अन्डू बटण. (दुकानं बंद ठेवायचा हरताळ वेगळा.)

१९०५ साली अमेरिकेतले चित्रकला शिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी रंगाची मोजणी मांडली: छटा, उजळपणा, तीव्रता. ही दिसण्याची भाषा, माझा हेक्स कोड तिचाच दूरचा नातेवाईक. १९२४-२५मध्ये ब्रिटनमध्ये 'कलर इंडेक्स'ची पहिली आवृत्ती निघाली. ही मात्र द्रव्यांची जंत्री. आज तिच्यात नैसर्गिक लोहमाती पिगमेंट रेड १०२ आहे, कारखान्यातला लोह ऑक्साइड १०१, शेंदूर १०५, हिंगूळ १०६ आणि हरताळ पिगमेंट यलो ३९. थोडक्यात, आजीची यादी, फक्त नंबर घातलेली.

शेवटी महाडच्या बाजारातून कावेची पुडी आणली. पहिला हात फारच गडद दिसला. मी मोबाइल काढला, तशी आजी म्हणाली, "आधी वाळू दे."