एकाकी बेट आणि साहित्याची परिभाषा

बंगळूरच्या एखाद्या शाळेत एकाच बाकावर मराठी आणि कन्नड घरांतली मुले बसलेली असतात. त्यांना घरची भाषा विचारली तर उत्तरे निराळी येतात. पण हातातल्या लांबलचक गोष्टीच्या पुस्तकाला तुमच्याकडे काय म्हणतात, असे विचारले तर दोघांचे उत्तर एकच येते : कादंबरी. शेजारी हिंदी किंवा बंगाली बोलणारा मुलगा असला तर तो ‘उपन्यास’ म्हणेल, गुजराती मुलगा ‘नवलकथा’ म्हणेल आणि तेलुगू मुलगा ‘नवल’ म्हणेल. सातव्या शतकात हर्षाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाने आपल्या नायिकेला जे नाव दिले ते एका साऱ्या वाङ्मयप्रकाराचे नाव व्हावे, हे भाग्य भारतात ठळकपणे लाभले ते मराठी आणि कन्नड या दोन शेजारणींतच. विशेषनामाचे सामान्यनाम झाले, आणि ते इतके रुळले की त्यामागे एक गंधर्वकन्या उभी आहे याची आठवण आज कोणाला होत नाही.

पारिभाषिक शब्दांचे असेच असते. ते बाहेरून कोरडे दिसतात, पण प्रत्येकाच्या पाठीशी प्रवास असतो. मराठीत बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आले, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आली, आणि त्यानंतरच्या अर्धशतकात कादंबरी हा प्रकार इतका स्थिरावला की १९०२ मध्ये इतिहासाचार्य राजवाडे यांना त्यावर स्वतंत्र निबंध लिहावासा वाटला. पुढे कन्नडमध्ये गळगनाथांनी हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या नेल्या. ज्या राजवाड्यांनी कादंबरीची चिकित्सा केली त्यांनीच १९२२ मध्ये जयराम पिंड्ये या कवीचा ‘राधामाधवविलासचंपू’ प्रसिद्ध केला, हा योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा आहे. तो चंपू शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबारातला. त्यात संस्कृताबरोबर अनेक देशभाषांतील कवनांना जागा मिळालेली आहे. एका गावात अनेक भाषा आणि एका ग्रंथातही अनेक भाषा, ही बंगळूरची रीत म्हणजे आजकालची गोष्ट नव्हे.

अशा या बहुभाषी नगरातल्या इंग्रजी शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला केव्हा ना केव्हा एक विशिष्ट तऱ्हेची कादंबरी येते. जहाज फुटते किंवा विमान कोसळते. एक जीव एकटा उरतो. आणि हाताशी असेल त्या साधनाने तो तगून राहतो. क्वचित ती डॅनियल डीफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’ची मुलांसाठी केलेली संक्षिप्त आवृत्ती असते, क्वचित गॅरी पॉलसन या अमेरिकन लेखकाची १९८७ सालची ‘हॅचेट’. ही पुस्तके मुलांना आवडतात. मात्र पहिले प्रकरण उघडण्याआधी वहीत एक कोष्टक उतरून घ्यावे लागते : कथानक म्हणजे काय, पात्र म्हणजे काय, पार्श्वभूमी, संघर्ष, उत्कर्षबिंदू, निवेदक. व्याख्या पाठ होतात, परीक्षेत लिहिल्या जातात, आणि बेटावरचा माणूस मात्र तेथेच राहतो.

यातला उपरोध समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. क्रूसोची गोष्ट २५ एप्रिल १७१९ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यामागे अलेक्झांडर सेल्कर्क या स्कॉटिश खलाशाचा अनुभव होता, असे सामान्यतः मानले जाते. कप्तानाशी भांडण होऊन १७०४ मध्ये तो दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडील एका निर्जन बेटावर उतरला आणि १७०९ च्या फेब्रुवारीत वुड्स रॉजर्सच्या जहाजाने त्याला परत आणले. सेल्कर्कची चार वर्षे डीफोने २८ केली. हे पुस्तक मुलांसाठी लिहिलेले नव्हतेच. त्याला मुलांच्या हाती दिले ते रूसोने. १७६२ मध्ये ‘एमील’ या शिक्षणविषयक ग्रंथात त्याने मुलाच्या हातातली सारी पुस्तके काढून घेतली आणि दीर्घकाळ पुरेल असे एकच पुस्तक ठेवले : रॉबिन्सन क्रूसो. कारण काय? या पुस्तकाने मुलाला शब्द शिकवू नयेत, वस्तू शिकवाव्यात. छप्पर कसे शाकारायचे, धान्य कसे राखायचे, गरजेची वस्तू कोणती आणि डौलाची कोणती, हे मुलाने क्रूसोच्या जागी स्वतःला ठेवून जाणावे. शब्दांच्या पाठांतरातून सोडवण्यासाठी जे पुस्तक मुलापुढे आले, त्याच्याच पाठीवर कालांतराने शब्दांच्या पाठांतराचे ओझे चढावे, याला काय म्हणावे?

रूसोने आणखी एक गोष्ट केली, आणि तिचा परिणाम अधिक दूरवर गेला. पुस्तकातला पसारा छाटून टाकावा, जहाज फुटते तेथे आरंभ करावा आणि सुटकेचे जहाज येते तेथे संपवावे, असे त्याने सुचवले. पुढे १७७९ मध्ये जर्मन शिक्षणतज्ज्ञ कांपे याने मुलांसाठी क्रूसो नव्याने सांगितला. तेव्हापासून मुलांच्या बहुतेक आवृत्त्या आपापल्या सोयीने कात्री चालवीत आल्या आहेत. या कात्रीखाली काय गेले? मूळ ग्रंथात क्रूसो ब्राझीलमध्ये मळ्याचा मालक आहे, आणि त्याचे जहाज फुटते ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणण्यासाठी निघालेल्या सफरीत. त्याआधी आपल्याबरोबर कैदेतून पळालेल्या झूरी नावाच्या मुलाला त्याने ६० नाण्यांना एका पोर्तुगीज कप्तानाच्या हवाली केलेले आहे. आरंभ वादळापासून केला की हे सारे नाहीसे होते. उरतो तो केवळ दैवाचा फटका खाल्लेला निष्पाप माणूस.

‘कथानक’ या शब्दाची व्याख्या येथे अकस्मात जिवंत होते. कथानकाला आदी, मध्य आणि अंत असतो, असे ॲरिस्टॉटल सांगून गेला. ज्याच्या आधी काही असण्याची आवश्यकता नसते तो आदी. पण क्रूसोच्या वादळाआधी काही नव्हते काय? मुलाच्या हातातली आवृत्ती ‘नव्हते’ म्हणते, डीफो ‘होते’ म्हणतो. एकच गोष्ट, दोन आरंभ, आणि म्हणून दोन निराळी माणसे. वर्गात हा एक प्रश्न पुढे आला तर कथानकाची व्याख्या फळ्यावर लिहिण्याची गरज राहणार नाही.

‘संघर्ष’ या शब्दाची कथा निराळी आहे. अशा कादंबऱ्यांच्या अभ्यासात ‘मानव विरुद्ध निसर्ग’ हे उत्तर ठरून गेलेले असते. कथेच्या चढउताराची जी आकृती काढली जाते ती गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ मध्ये मांडली, तीही पाच अंकी नाटकांसाठी. भारतीय नाट्यशास्त्रानेही कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत : आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम. या पाचांत संघर्ष हे नाव कोठे नाही. त्याच्या जागी यत्न आहे. या शब्दाचे मोल बेटावर गेल्याखेरीज कळत नाही. क्रूसो एक प्रचंड वृक्ष तोडतो. बुंध्यावर घाव घालण्यातच त्याचे २० दिवस जातात. फांद्या छाटणे, आकार देणे, आतून पोखरणे यांत पुढचे महिने सरतात. होडी तयार होते, उत्तम होते, आणि मग ध्यानी येते की पाणी १०० यार्डांवर आहे आणि ही होडी तेथवर नेणे एकट्याच्या शक्तीबाहेरचे आहे. येथे निसर्गाने क्रूसोशी कसले वैर केले? झाड तेथेच होते, पाणी तेथेच होते. चुकला तो त्याचा हिशेब. ‘हॅचेट’मधला १३ वर्षांचा ब्रायन गुहेच्या खडकावर कुऱ्हाड आपटून ठिणग्या पाडतो, पण ठिणगीला धरून ठेवणारे तलम साहित्य कोणते हे शोधण्यात त्याचा जीव मेटाकुटीला येतो. वाळके गवत चालत नाही, नोटेचे कपटे चालत नाहीत; शेवटी भूर्जवृक्षाच्या सालीचे केसासारखे तंतू काढावे लागतात. कॅनडाच्या त्या रानाला ब्रायनचा द्वेषही नाही आणि दयाही नाही. ‘संघर्ष’ या शब्दाने जे दृश्य डोळ्यांपुढे उभे राहते ते कुस्तीचे. ‘यत्न’ या शब्दाने जे उभे राहते ते चुकत चुकत शिकण्याचे. या जातीच्या कथेला आपल्या जुन्या परिभाषेतला शब्द अधिक नेमका बसतो, हे कबूल करायला हरकत नसावी. हा स्वदेशाभिमान नव्हे. फ्रायटागची आकृती शेक्सपिअरच्या शोकांतिकेला शोभते, ती होडी पोखरणाऱ्या माणसाला तितकी शोभत नाही, एवढेच.

शब्द आधी की व्यवहार आधी, या वादाला बंगळूरने स्वतःची एक साक्ष दिलेली आहे, आणि तिची नोंद जगातल्या भाषाशिक्षणाच्या इतिहासात झाली आहे. दक्षिणेतल्या राज्यांसाठी बंगळूर येथे १९६३ मध्ये प्रादेशिक इंग्रजी संस्था स्थापन झाली. तिच्या सहकार्याने एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही साध्या शाळांत एक प्रयोग चालवला. तो ‘बंगळूर प्रकल्प’ या नावाने ओळखला जातो. व्याकरणाचे नियम आणि वाक्यांचे साचे क्रमाने शिकवण्याची तेव्हाची रूढ पद्धत त्यांनी बाजूला ठेवली. मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक ठेवायचे, नकाशा ठेवायचा, आणि त्यावर विचार करायला लावणारे प्रश्न द्यायचे : या गावाहून अमुक वेळेला निघालेला माणूस कोणती गाडी धरील? आधी शिक्षक साऱ्या वर्गासह एक कोडे सोडवीत, मग तशाच जातीचे दुसरे कोडे प्रत्येकाने स्वतः सोडवायचे. मन अर्थात गुंतलेले असते तेव्हाच भाषेचा आकार नकळत अंगवळणी पडतो, असे प्रभूंचे म्हणणे होते. १९८७ मध्ये त्यांनी ते ग्रंथरूपाने मांडले. प्रयोगाचे मूल्यमापन ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचा कौल सावध होता, पण एकंदरीत अनुकूल. नेहमीच्या वर्गातली मुले साच्यांच्या चाचणीत पुढे राहिली. शिकलेली भाषा कामी लावण्याचा प्रसंग येताच प्रकल्पातली मुले सरस ठरली. हा प्रयोग इंग्रजी भाषेपुरता होता, साहित्यासाठी नव्हता, हे खरे. तरीही अडचण समोर ठेवायची, ती सोडवताना लागणारे ज्ञान हाताशी येऊ द्यायचे, ही त्याची रीत आणि बेटावरच्या माणसाची रीत यांत फारसे अंतर नाही.

राहता राहिला ‘निवेदक’. वरवर पाहता हा कोष्टकातला सर्वांत सोपा शब्द. कथा ‘मी’ने सांगितली तर प्रथमपुरुषी, ‘तो’ने सांगितली तर तृतीयपुरुषी, मुलाला दोन गुण मिळून जातात. बाणभट्टाच्या वारसदारांना हा विषय एवढ्यावर उरकता येऊ नये. ‘कादंबरी’त राजा शूद्रकाला पोपट कथा सांगतो, त्या कथेत जाबाली ऋषींनी सांगितलेली कथा येते, आणि तिच्यात महाश्वेता स्वतःची कर्मकथा सांगते. कोण कोणाच्या तोंडून बोलतो आहे याचे भान सुटले की वाचक वाट चुकतो. डीफोची सारी कथा क्रूसोच्या तोंडची आहे. फ्रायडेचे बापाने ठेवलेले नाव काय होते, हे २८ वर्षांच्या त्या वृत्तान्तात कोठेही येत नाही. तो ज्या वारी भेटला तो वार हेच त्याचे नाव ठरते आणि ‘मालक’ हा त्याला शिकवलेला एक आरंभीचा शब्द.

या बाबतीत सर्वांत अंतर्मुख करणारी कहाणी स्कॉट ओ’डेल याच्या १९६० सालच्या ‘आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स’ या कादंबरीमागे आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडील सान निकोलास बेटावरून १८३५ मध्ये तेथल्या मूळ रहिवाशांना हलवण्यात आले, तेव्हा एक स्त्री मागे राहिली. सेल्कर्कला चार वर्षे काढावी लागली, तिला १८ वर्षे. १८५३ मध्ये जॉर्ज निडेव्हर या शिकाऱ्याने तिला सांता बार्बरा येथे आणले. ती हसतमुख होती, उत्साहाने खुणा करीत होती, बोलत होती, गात होती. परंतु तिचे बोलणे समजणारा कोणी सापडला नाही, असे त्या वेळचे वृत्तान्त सांगतात. अवघ्या सात आठवड्यांत तिचा अंत झाला. मृत्यूच्या सुमारास तिला ख्वाना मारिया हे ख्रिस्ती नाव देण्यात आले. तिचे खरे नाव कोणालाच कळले नाही. ओ’डेलने आपल्या कादंबरीत तिला कराना असे नाव दिले आणि सारी कथा तिच्याच तोंडी, ‘मी’ म्हणून घातली. १९६१ मध्ये त्या पुस्तकाला न्यूबेरी पदक मिळाले आणि ते मुलांचे आवडते झाले. त्यातला ‘मी’ प्रथमपुरुषी आहे, हे कोष्टकाप्रमाणे अचूक उत्तर होय.

त्या स्त्रीच्या स्वतःच्या तोंडचे म्हणून जे शब्द लिहून ठेवलेले आढळतात ते चार आहेत. त्यांचे अर्थ ऐकणाऱ्यांनी खुणांवरून लावले : कातडे, माणूस, आकाश, शरीर.