चुना, तंबाखू आणि औषधावरचा आकडा

निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखूचा भाव ठरत आला तो पानाच्या रंगावर, वासावर आणि हाताला लागणाऱ्या चिकटपणावर. वखारीत जर्दा चाळणाऱ्या बायका असोत, माल पारखणारे व्यापारी असोत, की रास्त भावासाठी महामार्गावर ठाण मांडून 6 एप्रिल 1981 रोजी पोलिसांच्या गोळ्या झेलणारे शेतकरी. निकोटिनचा आकडा कुणाच्याच हिशेबात नव्हता. हायडेलबर्गच्या पोसेल्ट आणि रायमान यांनी ते द्रव्य 1828 सालीच तंबाखूतून वेगळं काढलं होतं. तरी त्याचा एक गुणधर्म तंबाखू मळणाऱ्याच्या तळहातावर त्याआधीपासून सिद्ध होता. पानातलं बरंचसं निकोटिन मॅलिक, सायट्रिक अशा आम्लांशी बांधलेलं, म्हणजे क्षाररूपात असतं. बोटभर चुना लावून अंगठ्याने मळलं की ते मोकळं होतं, नाकाला झिणझिणी येते, आणि ओठाआड धरलेल्या चिमटीतून ते झपाट्याने रक्तात उतरतं. चिमूट तेवढीच, पण चुन्याने मात्रा बदलते.

हेच निकोटिन तंबाखू सोडवणारं औषध झालं, तेव्हा मोजायचं काय हा प्रश्न आला. चघळायच्या काही गोळ्यांत ते टार्ट्रेट क्षाराच्या रूपात असतं. 1 मिलिग्रॅम निकोटिनसाठी हा क्षार सुमारे 3.07 मिलिग्रॅम घालावा लागतो, आणि लेबलावर 1 हा आकडा छापतात. माझ्या मते हीच पद्धत योग्य. जे प्रत्यक्ष गोळीत घातलं त्याचंच वजन लिहावं, असं कुणी म्हणेल. पण मग वेगवेगळ्या क्षारांच्या गोळ्यांची तुलनाच करता येणार नाही. मलेरियाच्या क्लोरोक्विनमध्ये हा घोळ ठळक दिसतो. 250 मिलिग्रॅम फॉस्फेटच्या गोळीत मूळ औषध सुमारे 150 मिलिग्रॅमच असतं. पहिल्या दिवसाचा 600चा डोस मूळ औषधाचा, म्हणजे चार गोळ्यांचा. तो फॉस्फेटचा समजला, तर रोग्याच्या पोटात जेमतेम अडीच गोळ्या जातात. म्हणून क्षाराचं नाव आणि मूळ द्रव्याचं वजन, दोन्ही लेबलावर हवीत.

यावर अधिक वजनदार आक्षेप चुन्याचाच आहे: मूळ द्रव्य तेवढंच असूनही परिणाम बदलतो, मग त्या आकड्याचा उपयोग काय? आक्षेप खरा आहे. स्वीडनच्या ओवे फेर्नो यांनी निकोटिनचा गम बनवला, तेव्हा निकोटिन रेझिनला बांधलं आणि तोंडातलं आम्ल कमी करायला गमात कार्बोनेटही घातलं. मळणाऱ्याचा चुना जे करतो तेच. एवढं करूनही 2 मिलिग्रॅमच्या गममधून रक्तात उतरतं ते साधारण निम्मं. म्हणजे आकडा गममधल्या निकोटिनचा, शरीरात पोचणाऱ्या मात्रेचा नव्हे. म्हणूनच थोडं चावून गालाशी धरा, आधी पंधरा मिनिटं काही खाऊ-पिऊ नका, ही सूचना मात्रेचाच भाग आहे, आणि ती निपाणीत मराठी-कन्नड दोन्हींत ठळक छापली जावी. 2चा गम द्यायचा की 4चा, हे ठरवताना डॉक्टरांनी दिवसाच्या पुड्यांबरोबर चुन्याचीही चौकशी करायला हवी.